सकाळी केलेला धडा

मला बाजारात कोणी लबाड म्हटलं तर मी त्याला दोन शब्द जास्त सुनावतो आणि विसरतो. पण माझ्या काट्यासमोर उभं राहून कोणी "धडा करा" म्हटलं, की माझ्या कानशिलांपासून मानेपर्यंत आग होते. आज इतकी वर्षं झाली, तरी होते.

आता ज्यांनी आयुष्यात कधी मोठा काटा धरला नाही, त्यांना यात रागवण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. म्हणून आधी ते सांगतो. काट्याची दोन पारडी रिकामी असली तरी सारखी असतातच असं नाही. दोऱ्या ताणतात, एका बाजूला धूळ बसते. शिवाय माल काही नुसता पारड्यात ओतता येत नाही. तेल असलं तर भांडं लागतं, आमसुलं असली तर हारा लागतो, म्हणजे बांबूची मोठी टोपली. त्या हाऱ्याचं वजन मालात धरायचं नाही. म्हणून मालाच्या बाजूला रिकामा हारा ठेवायचा, वजनांच्या बाजूला एखादा दगड ठेवायचा, उणंअधिक असेल तर बारीक खडे, वाळू घालायची आणि काटा मधोमध उभा राहिला की हात काढून घ्यायचा. याला म्हणतात धडा करणे. माल तोलणं त्यानंतर.

माझी आई तेल आणायला जायची तेव्हा भांडं पुढे करून एवढंच म्हणायची, "धडा कर रे." तेली हसत करायचा. तिथे त्या बोलण्यात काही नव्हतं. पण बंदरावर घाऊक मालाच्या काट्यापाशी हेच शब्द वेगळे पडत. तिथे घेणाऱ्याने आपण होऊन धडा करायचा, चार माणसांना "बघा" म्हणायचं आणि विकणाऱ्याने मान हलवायची. विकणाऱ्याला तो मागावा लागला, तर त्याचा अर्थ एकच, की तुझ्यावर माझा भरवसा नाही. लोखंडी वजनांवर सरकारी छाप असे. ती कोणी तपासून देई. धड्याच्या दगडावर कसला छाप? तो ज्याचा त्याने उचललेला. त्यामुळे ज्याला खायचं असेल तो तिथेच खातो, हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी वीस सालानंतर रत्नागिरीच्या बंदरावर हमाली करत होतो. पंचविशीही झाली नव्हती. घरची जमीन नव्हती, पाठीशी कोणी नव्हतं. मला काटा धरायला शिकवला तो पूर्णगडच्या एका मुसलमान तांडेलाने. त्याचा स्वतःचा मचवा होता आणि तो मुंबईपर्यंत माल नेत असे. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणायचो. मचवा भरेपर्यंत तो गाठोड्यावर बसून बिडी ओढत असे. एकदा एका व्यापाऱ्याचा तोलारी आजारी पडला आणि मी उत्साहाने काट्याला हात घातला. मी धडा केला, काटा अजून हलत होता तोच ओरडलो, "झाला!" चाचाने माझ्या मनगटावर टपली मारली.

"काटा हलतोय आनि तू बोलतोस? काटा बोलेस्तोवर आपण बोलायचं नाय, पोरा."

ते मी लक्षात ठेवलं. त्या एका गोष्टीवर वर आलो. आधी दुसऱ्याच्या काट्यावर तोलारी, मग स्वतःचा काटा, मग बंदराजवळ स्वतःचा मांडव. तीस साल उलटलं तेव्हा उन्हाळ्यात आमसुलं घेऊन मुंबईला पाठवणारा म्हणून लोक मला ओळखू लागले. भावात मी कोणाला सोडत नसे. घासाघीस करताना माझा आवाज रस्त्यापर्यंत जाई. बायका म्हणत, "शेट तोंडाचा वाईट, पण काट्याचा सरळ." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं आहे. माझ्याजवळ होतं ते तेवढंच. जमीनवाल्याचा माल कमी भरला तर लोक म्हणतात चूक झाली. माझ्यासारख्याचा कमी भरला तर म्हणतात, हमालच तो.

ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे तो मे महिन्याच्या अखेरचा. आठ-दहा दिवसांत बंदर बंद होणार होतं, मग नारळी पौर्णिमेपर्यंत एकही मचवा सुटला नसता. चाचाचा मचवा लागला होता आणि तो मला भरायचा होता. आतल्या गावांतून बायका-पुरुष डोक्यावर आमसुलांच्या गोण्या घेऊन येत होते. उकाडा असा की अंगावरचा सदरा पिळून घ्यावा.

सकाळी काटा लावायला घेतला आणि धड्याचा गोटा सापडेना. माझा नेहमीचा गोटा काळा, गुळगुळीत, ओढ्यातला होता. आदल्या दिवशी माल चढवताना तो धक्क्यावरून पाण्यात गेला, असं एका हमालाने भीतभीत सांगितलं. त्याला शिव्या दिल्या. मांडवाशेजारी कोणाच्या तरी कुंपणाच्या गडग्यासाठी चिरे आणून टाकले होते, तांबडे जांभ्याचे. त्यातला एक तुकडा उचलला. कोरडा, खडखडीत. हारा टांगला, तुकडा ठेवला, वर मूठभर खडे घातले, थांबलो, काटा उभा राहिला. सात-आठ माणसं होती. "बघा," म्हटलं. त्यांनी पाहिलं. चाचा नेहमीच्या जागी बसला होता. त्यानेही पाहिलं.

सकाळभर तोल चालला. मी प्रत्येक गोणीत कोपरापर्यंत हात घालत होतो. आमसुलं ओली ठेवून वजन वाढवायची खोड बऱ्याच जणांना असते. वरची वाळलेली, खालची चिकट. असं सापडलं की मी सोडत नसे. तोल कापायचो, वर चारचौघांत बोलायचो.

दुपारी जेवायला थांबलो. आता माझं शहाणपण ऐका. आपण भाकरी खात असताना कोणी दगड बदलू नये, म्हणून मी वजनं पिशवीत भरली आणि तो जांभा व खडे फडक्यात बांधून माझ्या मांडीजवळ घेऊन बसलो. मांडीजवळ म्हणजे पाण्याच्या माठाखाली, कारण गार जागा तेवढीच होती. मंडळी जेवली, त्याच माठाच्या पाण्याने हात धुतले, चुळा भरल्या. पाणी कुठून वाहत होतं ते मी पाहिलं नाही. मी दगडाची राखण करत होतो.

जेवणानंतर हमालांनी हारा खालीच भरून ठेवला होता. तो भरलेलाच काट्याला लावला. मी इकडे वजनं ठेवली, जांभा ठेवला, खडे ठेवले. रिकामा हारा पुन्हा लावून पाहिला नाही. सकाळी धडा केला होता, चारचौघांनी पाहिला होता, मग परत कशाला? भरती साधायची होती.

तिसऱ्या प्रहरी एक बाई आली. पन्नाशीची, काटक, कासोटा घातलेली, दोन गोण्या आणि सोबत एक दीर. तिच्या गोणीत हात घातला तर खालची आमसुलं दमट लागली.

"काय गो बाय, आमसुलं विकतेस का पाणी?"

लोक हसले. ती हसली नाही. "वाटेत घाम पडला असंल शेट. आठ कोस चालून आलंय. तोला तुमी."

चार हारे झाले. आकडा सांगितला. ती जागची हलली नाही.

"शेरभर कमी."

"काय?"

"शेरभर कमी भरलंय. गावातल्या दुकानात तोलून आणलंय मी."

"मग गावातल्या दुकानातच विकायचीस."

"धडा करा, शेट."

मांडवात पंधरा-वीस माणसं असतील. हारा उचलायला वाकलेला हमाल तसाच वाकून राहिला.

"धडा सकाळी केलाय," मी म्हटलं. "ह्या सगळ्यांच्या समोर केलाय. तुझे डोळे कुठं होते तेव्हा?"

"माजे डोळे तेव्हा घाटी उतरत व्हते," ती म्हणाली. "मी आता आलंय. माज्यासाटी आता करा."

करायचा होता. दोन मिनिटांचं काम होतं. आज सांगतो, त्या क्षणी मी रिकामा हारा टांगला असता तर पुढचं काही झालं नसतं. चूक निघाली असती, मी कपाळावर हात मारला असता, लोक हसले असते. पण ती चारचौघांत मागत होती आणि मी हमालाचा शेट झालो होतो. मी ओरडलो, "उचल तुझ्या गोण्या आणि चालती हो! माझ्या काट्यावर संशय घेणाऱ्याचा माल मला नको!"

"गोण्या कशा उचलू? तुमी ढिगात वतल्यात."

हे खरं होतं. तिची आमसुलं माझ्या ढिगात मिसळली होती. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "माजं पन दुपारी कमी वाटलं व्हतं." त्याच्या शेजारच्याने आपली न तोललेली गोणी पायाने मागे ओढली. तो गोणी घासल्याचा आवाज मी विसरलेलो नाही. आणखी एकाने ओढली. असे सगळे गेले असते तर मचवा अर्धा राहिला असता, ते एक वेळ सोसलं असतं. पण ते गावोगाव जाऊन काय सांगणार होते ते मला दिसत होतं. दहा वर्षं खपून मिळवलेलं ते एक वाक्य, काट्याचा सरळ, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपणार होतं.

चाचा उठला.

त्याने मला विचारलं नाही. बिडी विझवून कानावर ठेवली, पारड्यातली लोखंडी वजनं एकेक करून खाली उतरवली. जांभा आणि खडे तसेच ठेवले. मग रिकामा हारा दुसऱ्या बाजूला टांगला आणि हात सोडला. दगडाचं पारडं खाली गेलं. सावकाश गेलं आणि खालीच राहिलं.

मला वाटलं, कोणीतरी दुसरा दगड ठेवला. मी तेच बोलणार होतो. चाचाने दगडावर अंगठा घासला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. लाल चिखल.

"जांबा हाय," तो म्हणाला. "पाणी पेलाय."

जांभ्याला सगळीकडे भोकं. भिजला की पाव हिश्शाने नाही, तरी चांगला जड होतो. आमच्याकडच्या विहिरी त्याच्यात खणलेल्या, घरं त्याची बांधलेली. हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्या दिवशी एवढंच झालं की दगड माझ्या मांडीजवळ होता आणि मला तो दगडच वाटत होता.

ती बाई पुढे आली, दगडाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पाणी माज्या आमसुलांत नाय, शेट. तुमच्या दगडात हाय."

आता लोक हसले ते मोठ्याने हसले.

मी चाचाकडे वळलो. "चाचा, तुम्ही सकाळपासून इथं बसलात. सकाळी मी जांभा उचलला तो पाहिलात?"

"पायला."

"माठाखाली ठेवला तो पाहिलात?"

"पायला."

"मग बोलला का नाही?"

त्याने कानावरची बिडी काढली. "काटा बोलला न्हवता."

त्याच्या अंगावर हात टाकायचा राहिला तो केवळ त्याच्या पांढऱ्या दाढीमुळे. मी वळून ती बाई काय म्हणते ते ऐकू लागलो. ती म्हणत होती की किती कमी भरलं ते आता कसं काढणार. ते मला येत होतं. दगडाच्या बाजूला काही हलवायचं नाही. रिकाम्या हाऱ्यात आमसुलं टाकत जायचं, पारडी सारखी झाली की थांबायचं. जेवढी आमसुलं हाऱ्यात पडली तेवढी प्रत्येक तोलाला मी जास्त घेतली होती. माझ्या चुकीचं माप माझ्याच काट्यावर निघत होतं. मी तसं सांगितलं आणि टाकायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "जेवल्यावर दगड जास्त भिजलेला असंल. आता वाळलाय."

लोकांनी माना हलवल्या. घासाघीस मला शिकवायला आली होती! मी तो जांभा उचलला, पाण्याच्या बादलीत बुडवला आणि तळाशी दाबून धरला. बुडबुडे येत होते. बुडबुडे थांबेपर्यंत धरला. मग तो गळता दगड पारड्यात आपटला आणि म्हटलं, "आता? आता तरी पुरेसा प्याला?"

"आता बरा पेला," ती म्हणाली.

हाऱ्यात दोन ओंजळी आणि वर चिमूटभर आमसुलं पडली तेव्हा पारडी सारखी झाली. काटा हलायचा थांबला तरी मी तोंड उघडलं नाही. तीच म्हणाली, "झालं." दुपारनंतर ज्यांचे जितके हारे तोलले होते त्यांना तितक्या वेळा तेवढी आमसुलं मी माझ्या हाताने परत दिली. एकेकाच्या पंच्यात, पदरात. कोणी "राहू द्या शेट" म्हटलं नाही. मी असतो तर मीही म्हटलं नसतं.

दोघं आधीच निघून गेले होते, दोघंही त्या बाईच्या गावचे. मी तिला म्हटलं, "त्यांची घेऊन जा." ती म्हणाली, "मी काय तुमची हमाल?" तिने मुद्दाम म्हटलं की सहज, देव जाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोन पुरचुंड्या घेऊन आठ कोस चढून गेलो. गावात माझ्या आधी बातमी पोचली होती. बांधावर उभ्या राहिलेल्या पोरांनीसुद्धा मला ओळखलं. पहिल्या घरी एक म्हातारा होता, त्याने पुरचुंडी हातावर वर-खाली करून तोलून पाहिली आणि आत नेली. पाणी विचारलं नाही. दुसऱ्या घरी विचारलं. मी प्यालो नाही.

परत आलो तेव्हा मचवा तिथेच होता. चाचाने एक भरती सोडली होती, मग दुसरीही सोडली. थांबायला मी सांगितलं नव्हतं. तेही मी विसरलेलो नाही, म्हणून लिहून ठेवतो. पण माझा हिशोब असा आहे: ज्याने मला काटा धरायला शिकवला, त्याला मी सकाळीच एका शब्दाने वाचवण्याएवढाही जवळचा नव्हतो का? "पोरा, जांबा घेतलास," एवढंच. तो म्हणेल, मी शिकवलं ते तू पाळलं नाहीस. प्रत्येक वेळी काटा उतरवला की धडा पुन्हा करायचा, ते मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. खरं आहे. पण मी काय काटा होतो, माझ्या बोलण्याची वाट पाहायला? दोन्ही गोष्टी मी मनात कितीदा समोरासमोर टांगून पाहिल्या. एकदाही सारख्या झाल्या नाहीत.

त्या खेपेनंतर मी त्याच्या मचव्यात माल घातला नाही. पुढच्या हंगामात त्याने एका खलाशाबरोबर एक काळा गोटा पाठवला, पूर्णगडच्या खाडीतला, घासून गुळगुळीत झालेला. सोबत निरोप काही नाही. तो गोटा मी काट्याला लावला नाही. दुसरा शोधून आणला. बायकोने चाचाचा गोटा लोणच्याच्या बरणीवर दाबायला घेतला. पुढे तो वारल्याचं कळलं तेव्हा मी पूर्णगडला जायला निघालो होतो, आणि वाटेवरच्या पावस गावापर्यंत जाऊन परत आलो.

काट्याचं मात्र मी तेव्हापासून असं ठेवलं आहे: दर हाऱ्याला धडा. दिवसाला नाही, माणसाला नाही, दर हाऱ्याला. हारा रिकामा झाला की टांगायचा, दगड ठेवायचा, थांबायचं, "बघा" म्हणायचं. वेळ जातो. हमाल कुरकुरतात. शेजारचे व्यापारी हसतात, की याला दुपारची बाधा झाली. पण दोन हंगामांत पुन्हा गोण्या माझ्याच मांडवात उतरायला लागल्या. लोक लांबच्या गावांतून येऊ लागले. त्यांना वाटतं हा मोठा सचोटीचा माणूस. मला ते ऐकवत नाही, कारण मला ठाऊक आहे की हे मी कोणाच्या धाकाने करतो.

तीच बाई एका वर्षी पुन्हा आली. दीर नव्हता, सून होती. पहिला हारा झाला. दुसऱ्यासाठी मी रिकामा हारा टांगला तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ शेट. कितीदा करता? माजा इस्वास हाय आता."

मांडवात सगळे आमच्याकडे पाहत होते. काटा हलत होता.

"इस्वास तुझ्यापाशी ठेव," मी म्हटलं. "इकडं बघ. थांबेपर्यंत बघ."

ती उभी राहिली आणि तिने पाहिलं.